तीन नंबरचा ठिपका

दादाने तीन नंबरच्या इंजेक्टरला नेलपॉलिशचा लाल ठिपका का दिला होता?

धाकट्याने हा प्रश्न सगळ्यांना विचारून पाहिला. गॅरेजवाले काका म्हणाले, "त्यालाच विचारायचं होतंस." (दादाला जाऊन एकोणीस दिवस झालेले. काकांच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.) वहिनीला विचारलं, तर ती स्वतःच्या नखांकडे बघत म्हणाली, "दूध उतू जातंय," आणि आत गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

दादामागे उरली ती त्याची डिझेल व्हॅन. कारखान्यातल्या पहिल्या पाळीच्या बायकांना तो तिच्यातून न्यायचा. आता वहिनी चालवणार होती. लायसन्स होतं तिच्याकडे. कारखान्याच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, की सोमवारी सकाळी सहाला गाडी दारात नसली तर फेरी दुसऱ्याला.

शुक्रवारी वहिनी पदर खोचून बाहेर येईपर्यंत धाकट्याला धीर कुठला. त्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"इंजेक्टर गेले. इंजिनात डिझेल फवारतच नाहीयेत," धाकटा म्हणाला.

हे ज्ञान त्याला साडेतीन मिनिटांच्या व्हिडिओतून झालं होतं आणि त्यातलं पहिलं मिनिट जाहिरातीचं होतं. शाळा त्याने सातवीत सोडली होती. दादा बॉनेटखाली वाकला की टॉर्च धरायचं काम याचं, आणि तेही हा उजेड दादाच्या डोळ्यांवर पाडायचा.

"भाऊजी, आधी सीटखाली—"

"सीटखाली माझे पाने आहेत, असू देत. हे मशीनचं काम आहे, वहिनी. तू नको लक्ष घालूस."

वहिनीने खोचलेला पदर सोडला. मोठ्या मनाची बाई, दुसरं काय.

शनिवारी धाकट्याने चारही इंजेक्टर उपसले, फडक्यात गुंडाळले आणि इंजेक्टरच्या दुकानात गेला. काउंटरमागे चष्मेवाला मालक, त्याच्यामागे पडदा आणि पडद्यामागे काहीतरी घरघरत होतं.

"नवे परवडायचे नाहीत. रीकंडिशन केलेले द्या," धाकटा म्हणाला.

मालकाचा चेहरा असा झाला, की जणू याने उष्टं मागितलं. "रीकंडिशन म्हणजे नुसतं धुतलेलं. आमच्याकडे रीमॅन्युफॅक्चर्ड मिळतात. कवच जुनं, आतलं सगळं नवं. मशीनवर तपासून कागद देतो."

"म्हणजे माणसाला नवं काळीज बसवल्यासारखं?"

"अगदी तसंच."

धाकट्याने खिशातून नोटांची गुंडाळी काढली. दादा काळजानेच गेला होता. मग त्याने घासाघीस न करता पैसे मोजले. (गिऱ्हाईक गप्प झालं की भाव वाढवावा, हे मालकाला कुणी शिकवायला नको होतं.)

"जुने इथेच ठेवायचे. नियम आहे. आणि माल चार वाजता," मालक म्हणाला.

"तयार नाही?"

"तयारच आहे. पॅकिंग व्हायचंय."

जुना माल पडद्यामागे गेला तेव्हा धाकटा काउंटरवर वाकून बघत राहिला. तीन नंबर तरी मागून घ्यावा, असं वाटलं. पण ठिपक्यासाठी काय म्हणून मागायचं? चार वाजता चार चकचकीत खोकी मिळाली, वर शिक्का मारलेला कागद. कागदावरचं एक अक्षर त्याला वाचता येईना, म्हणूनच तो त्याला खरा वाटला.

घरी येऊन त्याने खोकी उघडली. पहिला इंजेक्टर झकास. दुसरा झकास. तिसऱ्यावर फिकट गुलाबी ठिपका.

धाकट्याने तो पुसून पाहिला. मग वास घेतला. मग तडक दुकानाकडे धावला. शटर लवकरच खाली, त्यावर पाटी: रविवारी बंद. चष्मेवाल्याने दादाचेच इंजेक्टर आंघोळ घालून दादाच्याच भावाला विकले होते.

परत येताना तो चष्मेवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होता. पण गल्लीच्या तोंडाशी त्याच्या लक्षात आलं, की चोर प्रामाणिक असता तर हा ठिपका आज भंगारात गेला असता. मग त्याला शिव्या आठवेनात.

रविवारी त्याने तेच चार इंजेक्टर पुन्हा बसवले. डिझेलच्या नळीतली हवा काढायला हातपंप मारला. तासभर मारला. अंगठा सोलला, पण डिझेलचा थेंब येईना.

"पंपही गेला," तो म्हणाला. "वहिनी, उद्याचं काही खरं नाही. माझ्या हातून दादाची फेरी गेली." आणि तो गाडीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

वहिनीने त्याला रडू दिलं. मग ती सीटकडे वाकली, त्याचे पाने बाजूला केले, चटई उचलली आणि एक लहानसा कॉक फिरवला.

"हे काय?"

"डिझेल बंद करायचा कॉक. एकदा गाडी चोरायचा प्रयत्न झाला, तेव्हा ह्यांनी बसवून घेतला. रात्री न चुकता बंद करायचे. ह्यांच्यानंतर मी केला."

"मग सांगायचं नाही का?"

"शुक्रवारी दोन शब्द सांगितले होते. तिसरा तुम्ही बोलू दिला नाहीत."

पंप पंधरा वेळा मारल्यावर गाडी एका किल्लीत सुरू झाली. त्याच जुन्या इंजेक्टरांवर. त्यांना कधी काही झालंच नव्हतं.

सोमवारी पहाटे वहिनी सीटवर बसली, तर बॉनेट उघडं. धाकटा आत वाकलेला. तिच्या आरशासमोरच्या शेल्फवरची नेलपॉलिशची बाटली हातात घेऊन तो तीन नंबरवर नवा ठिपका देत होता. अर्धा ठिपका इंजेक्टरवर गेला, अर्धा सोललेल्या अंगठ्यावर.

"भाऊजी, बायका वाट बघतायत."

"वाळू दे जरा."

त्याने वाकून ठिपक्यावर हळूच फुंकर घातली. एकदा, दोनदा. मग बॉनेट लावलं.

"भाऊजी," वहिनी गिअर टाकत म्हणाली, "ह्यांनी तो ठिपका जागा चुकू नये म्हणून दिला होता. तीन नंबर ड्रायव्हरच्या बाजूने मोजतात की नाही, ते नंतर काकांना विचारून घ्या."