ठकीआजीची हरकत

पहिल्यांदा

"सालवडचे रूपेश यांची कन्या दीपिका आणि बेटेगावच्या चंद्रकांताबाई यांचे चिरंजीव दर्पण यांचा पवित्र विवाह योजिला आहे. या विवाहास कोणाचीही हरकत असल्यास त्यांनी ती आताच सांगावी. ही सूचना पहिल्यांदा देण्यात येत आहे."

एवढं वाचून पाळकसाहेबांनी थोडी जागा सोडली. अशी जागा प्रत्येक चर्चमध्ये सोडतात. तिच्यात लोक खोकून घेतात, पंख्याकडे बघतात, पायानं चप्पल चाचपतात. बोलत मात्र कोणी नाही.

बायकांच्या बाजूला प्लास्टिकची एक खुर्ची सरकली.

"माजी हाय," ठकीआजी म्हणाली.

रूपेशला आधी वाटलं, आई आपली पिशवी शोधतेय. मग पुरुषांच्या बाजूची सगळी डोकी तिकडं वळली आणि त्याच्या लक्षात आलं, की आई उभी आहे आणि पिशवी तिच्या हातातच आहे.

ठकीआजी मनोरच्या पलीकडे पाड्यावर राहायची. नातीचं लग्न ठरलं म्हणून ती लेकाकडे आली होती आणि रविवार होता म्हणून उपासनेला. लग्नाची सूचना तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकली. तिच्या स्वतःच्या लग्नात तिला कोणी विचारलं नव्हतं. बैल विकताना विचारलं नव्हतं, लेक कंपनीत लागून सालवडला गेला तेव्हाही नाही. आणि आज चष्मा लावलेला, शिकलेला माणूस चक्क माइकवरून विचारत होता. उत्तर न देणं तिला उर्मटपणाचं वाटलं.

पाळकसाहेबांची ही पहिलीच मंडळी, पहिलंच चर्च. सूचना कशी वाचायची ते त्यांना शिकवलं होतं. हरकत आली तर काय करायचं ते शिकवलं नव्हतं, कारण ती येत नसते.

"काय हरकत आहे, आजी?"

"तो पोरीला बगाया आला, तवा पोरगी रातपाली करून आलेली. डोले तांबडे व्हते तिचे. त्यानं तिलाच पानी मांगला. माठ त्याच्या कोपराला लागत व्हता."

बायकांतून कोणीतरी "बरोबर हाय" म्हणालं, पण कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. दर्पण आपल्या कोपराकडे बघत राहिला.

मंडळीचे सेक्रेटरी अंकुशभाऊ उठले आणि त्यांनी समजावून सांगितलं, की हरकत म्हणजे मुलाचं आधी लग्न झालेलं असणं किंवा दोघांचं जवळचं नातं असणं. पाणी त्यात बसत नाही.

"मंग तसा इचारायचा," आजी म्हणाली. "कोनाचीपन, असा बोललाव तुमी."

पाळकसाहेबांनी हातातला कागद पुन्हा वाचला. कोणाचीही, असंच लिहिलं होतं. हरकत उभी राहिली आणि आजी बसली.

बाहेर चपलांच्या ढिगापाशी चंद्रकांताबाईंनी रूपेशला गाठलं. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या मुलाबद्दल आजवर चर्चमध्ये फक्त आभारप्रार्थना झाली होती. म्हातारीनं शब्द मागं घ्यावा, नाहीतर दुसरा मुलगा बघावा, एवढंच त्यांनी सांगितलं आणि दोन चुकीच्या चपला घालून त्या निघून गेल्या.

मांडव ठरला होता, आचारी ठरला होता, कंपनीत सगळ्यांना आमंत्रण गेलं होतं. रूपेशनं आईला जेवताना विनवलं, भांडी घासताना विनवलं, ती झोपल्याचं सोंग करत असतानाही विनवलं.

"आये, एकदा फक्त नाय बोल ना."

"हाय त्याला नाय बोलू? देवाच्या घरात?"

"देव घेईल गं समजून."

"देव घेल. पन तो सायेब मला इचारतंय, देवाला नाय."

इकडे हरकत आपापली हिंडायला लागली होती. बुधवारपर्यंत ती मंडळीच्या निम्म्या घरांत पोचली. रंगाच्या कंपनीतल्या एका सुपरवायझरला आपल्याच घरात पेले कुठे ठेवतात ते शोधावं लागलं. अंकुशभाऊंनी बायकोकडे पाणी मागितलं, तेव्हा ती शांतपणे माठाकडं आणि मग त्यांच्या कोपराकडं बघत राहिली. पुरुष मंडळी रूपेशला फोन करून विचारू लागली, आई गावाला कधी परत जाणार आहेत.

दुसऱ्यांदा

"दीपिका आणि दर्पण, विवाह, कोणाची म्हणजे कायदेशीर अशी हरकत असल्यास, दुसऱ्यांदा, आता आपण गीत गाऊ."

यावेळी जागा सोडली नव्हती. आजी गाण्याच्या मध्येच उभी राहिली.

"मागचीच हाय. मिटली नाय अजून."

संध्याकाळी चर्चची पंचकमिटी रूपेशच्या खोलीवर आली. चंद्रकांताबाई दर्पणला घेऊन आल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. कमिटीनं प्रार्थना केली, घसे खाकरले आणि विषय कोणी काढायचा यावर नजरेनं चर्चा केली. तेवढ्यात दर्पण उठला. कोणी सांगितलं नव्हतं. तो माठाशी गेला, पेला भरला आणि पडद्याआड चहा गाळत असलेल्या दीपिकाला आधी देऊन आला. मग कमिटीला. मग आजीला. शेवटी आईपुढे पेला धरून उभा राहिला.

चंद्रकांताबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. "इतका मोठा केला ह्याला," त्या म्हणाल्या, "ह्याच्या हातचं पाणी आज पिते."

"मिटली माजी," आजी म्हणाली आणि पेला उपडा ठेवला.

पण महिला मंडळाच्या अध्यक्षांना असं फक्त पाण्यावर घरी जाता येईना. त्यांनी रूपेशला गॅसच्या सिलिंडरपाशी बोलावून घेतलं. झालं गेलं विसरू म्हणाल्या, पण लग्नानंतर दीपिकानं कंपनी सोडायची. सुनेनं रातपाळ्या केलेल्या बेटेगावात बरं दिसत नाही.

"सोडेल ना," रूपेश म्हणाला. "तिचं काय एवढं."

चहात साखर किती, हे विचारायलाही त्यानं याहून जास्त वेळ घेतला असता.

तिसऱ्यांदा

"दीपिका दर्पण तिसऱ्यांदा."

आमेन.

लग्न

लग्नात तो प्रश्न पुन्हा एकदा विचारतात. पाळकसाहेबांनी शास्त्रवाचन केलं, उपदेश केला आणि त्या ओळीवरून असे पलीकडे गेले, जसा माणूस झोपलेल्या कुत्र्यावरून जातो. ते शपथेपर्यंत पोचलेसुद्धा.

"सायेब, ते ऱ्हायला."

"काय राहिलं, आजी?"

"इचारायचा."

रूपेश नव्या सफारीत अर्धा उठला. "आये, तुजी मिटली ना?"

"माजी मिटली. म्हनून काय कोनाला इचारायचाच नाय?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून विचारलं. सगळी मंडळी आजीकडे बघू लागली. आजी हाताची घडी घालून बसली होती.

"माझी आहे."

आवाज समोरून आला. पांढऱ्या जाळीच्या आतून. माइक शपथेसाठी नवरीच्या तोंडापाशीच धरलेला होता, त्यामुळे आवाज बाहेरच्या वडापावच्या गाडीपर्यंत गेला.

"दर्पणवर नाय," दीपिका म्हणाली. "बाबांवर आहे. मी काम सोडीन असा शब्द त्यांनी दिलाय. काम माझं, शब्द त्यांचा. सिलिंडरपाशी बोललेलं पडद्याआड ऐकू येतं, बाबा."

"मला कोणी बोललंच नाय हे," दर्पण म्हणाला. तेही माइकवर.

पाळकसाहेबांनी डोळे उघडून अंकुशभाऊंकडे पाहिलं. आधीचं लग्न नाही, जवळचं नातं नाही. अंकुशभाऊंनी पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं.

"बसते," ते घाईनं म्हणाले. "ही हरकत नियमात बसते."

रूपेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमिनीवर कालच नवा कोबा घातला होता. "शब्द मागं घेतो," तो पुटपुटला.

"माइकवर," आजी म्हणाली.

त्यानं पुढे जाऊन माइकवर सांगितलं.

"मग सकाळचा डबा कोण करणार?" चंद्रकांताबाईंनी विचारलं. बायकांच्या बाजूची सगळी तोंडं दर्पणकडे वळली. "करतो," दर्पण म्हणाला, आणि आणखी कोणाला काही सुचायच्या आत पाळकसाहेबांनी एका श्वासात दोघांना पतिपत्नी म्हणून जाहीर केलं.

आजी दुसऱ्या दिवशी पाड्यावर परत गेली. नंतरच्याच शनिवारी रूपेशचा फोन वाजला. मंडळीतल्या भाविकाचं लग्न ठरलं होतं, उद्या पहिली सूचना होती आणि नवऱ्या मुलाच्या काकांना आजीच्या तब्येतीची चौकशी करायची होती. गावालाच आहेत ना, असं त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. गावालाच आहे म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

फोन ठेवतो तोच पुन्हा वाजला. भाविकाची आई होती. आजींना आणायला सकाळीच रिक्षा पाठवली होती, ती मनोरच्या पुढे तळ्यापाशी उभी होती. तिथून रस्त्याला दोन फाटे फुटतात. कुठला धरायचा?

रूपेशनं बराच विचार केला. एका फाट्यानं गेलं की पाडा येतो. दुसऱ्यानं गेलं की वीटभट्टी येते आणि रविवार शांततेत पार पडतो.

"डावा," तो म्हणाला. डावाच बरोबर होता.