शेवग्याची शेंग आणि तळेघरचे मामा

"शिवी न देता माणूस रडवायचा असंल, तर महाळुंगे पडवळच्या सुभाषला बोलवा!" असं सगळा तालुका म्हणतो, असं सुभाषभाऊ सांगत. सांगणारे ते एकटेच होते. पण सांगत माइकवरून, त्यामुळे सगळ्या तालुक्याला ऐकू जाई.

बैलगाडा शर्यतीच्या घाटावर बावीस वर्षं त्यांच्या हातात माइक होता. गाडा मागे पडला की मालकाच्या फेट्यापासून बैलाच्या शेपटीपर्यंत ते सगळ्यांचा असा समाचार घेत, की हरलेला मालकसुद्धा पोट धरून हसे. घाटावर हे खपायचं. घरात मात्र याच जिभेनं पोरीची दोन स्थळं घालवली होती.

पहिल्या स्थळाच्या वेळी मुलाचे वडील घामाघूम झाले. भाऊ प्रेमानं म्हणाले, "पावणं, टोपी काढा की, लई उकडतंय!" पाहुण्यांनी टोपी घातलीच नव्हती. डोक्यावर होते ते विकतचे केस. दुसऱ्या मुलानं वय अठ्ठावीस सांगितलं, तर भाऊंनी विचारलं, "कवापासून?" झालं! पोहे तसेच ताटलीत राहिले आणि पाहुणे गाडीत बसले.

आता तिसरं स्थळ आलं होतं पेठ गावचं. मुलगा ऋषी, चाकणला कंपनीत. भाऊंची स्नेहल मंचरला लॅबमध्ये. पासपोर्टएवढे फोटो पाहून झाले, फोन नंबर दिले-घेतले आणि महिनाभर दोघं फोनवर बोलत होती. म्हणजे स्नेहल बोलायची, हसायची आणि कुणी आलं की "हॅलो, रिपोर्ट उद्या मिळेल" म्हणायची. हायस्कूलच्या सुनील सरांनी हे स्थळ सुचवलं होतं. रविवारी पाच वाजता मंडळी पाहायला येणार होती.

"पप्पा, ह्या वेळी फक्त 'व्हय' म्हणायचं," स्नेहलनं बजावलं.

"आन् 'न्हाई' म्हणायची पाळी आली तर?"

"तर खोकायचं," तिच्या आईनं, मंगलनं, परस्पर निकाल दिला.

नेमक्या त्याच रविवारी, दुपारी दोनला, घाटाखालच्या माळावर फुटबॉलचा अंतिम सामना होता. महाळुंगे पडवळ विरुद्ध पेठ! गेल्या वर्षी याच सामन्यात पेठेच्या पब्लिकनं ओरडून ओरडून आपल्या पोरांना घाम फोडला होता. आपल्या पोरांनी उत्तर दिलं, पण सगळं आईवरून. रेफरी सुनील सरांनी संघच बाद केला.

म्हणून शनिवारी कप्तान समर्थ भाऊंच्या ओट्यावर येऊन बसला. "भाऊ, घोषणा पायजेत. लागंल अशा, पण शिवी नाय. ह्या टायमाला एक शिवी आली तरी सर आपल्याला भाईर काढणार."

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "लिव्हून घे. आई-बहीण नाय. जात नाय. देव नाय. कुणाचं आजारपण नाय. एवढं सोडलं तर बाकी समदं रान मोकळं!"

रेफरीची घोषणा दोन मिनिटांत झाली. सुनील सर घरचेच, ते कशाला मनावर घेतात! पेठेच्या कोचचं पोट मागच्या वर्षी सगळ्यांनीच पाहिलं होतं, त्यावरही झाली. गाडी अडली गोलकीपाशी. गोलकी यंदा नवा होता. कसा आहे, कुणालाच माहीत नव्हतं.

आत स्नेहल आमटीसाठी शेंगा सोलत होती. तिथूनच म्हणाली, "शेवग्याची शेंग म्हणा की."

"तो लांब हाय हे तुला काय ठावं?"

"गोलकी लांबच असत्यात पप्पा. बुटका कोण ठेवतंय?"

तर्क बिनतोड होता. भाऊंनी पुढची ओळ जुळवली आणि खूश होऊन समर्थच्या पाठीत थाप मारली. एवढी चांगली शेंग आपल्याला आधी कशी सुचली नाही, एवढंच त्यांना जरा खटकलं.

रविवारी माळावर जत्रा लोटली. भेळवाला आला, बाया आल्या, भोंगे बांधले गेले. पेठकर पलीकडच्या बांधावर बसले. त्यांच्यात काळी छत्री धरलेले एक वयस्कर गृहस्थ एकटेच उभे होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्यावर काही सुचतंय का, म्हणून भाऊंनी एकदा पाहिलं. सुचलं नाही. सोडून दिलं.

सामना सुरू झाला आणि भाऊंनी माइक ओठाला लावला.

"सुनील सर, चष्मा पुसा!"

"बॉल हाय तो, न्हाई ससा!" पाचशे माणसं गरजली.

सरांनी खरंच चष्मा पुसला! माळ हसून लोळायचा राहिला. मग भाऊ कोचकडे वळले.

"पेठेचे कोच, टी-शर्ट ताणा!"

"आत लपवलाय बॉल, भाईर आणा!"

कोचनं दोन्ही हातांनी पोट झाकलं, पण हात पुरेनात. आता भाऊंनी घसा साफ केला आणि हुकमाचं पान काढलं.

"पेठेचा गोलकी शेवग्याची शेंग!"

"बॉल गेला खालनं, वर ऱ्हायली ढेंग!"

गोलकी खरोखरच लांबच लांब होता. 'शेंग' हा शब्द कानावर पडताच तो दचकला. चेंडू सोडून गर्दीत कुणाला तरी शोधायला लागला. तेवढ्यात समर्थनं मारलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत! एक-शून्य! भेळवाल्यानं आनंदाच्या भरात अख्खी मिरची फुकट वाटली.

हाफटाइमला भाऊंचा फोन वाजला. मंगल होती.

"अवं, तोंड बंद करा आधी! भोंगा हितं चुलीपत्तुर ऐकू येतोय!"

"मग? कशी हाय शेंग?"

"ती शेंग तुमचा जावई हाय! पोराच्या आईचा, शीलाताईंचा, फोन आलता आत्ता. ऋषी गोलकी हाय म्हणं! म्याच संपला की तिथनंच समदी आपल्याकडं येणारेत. आन् तो ढेरपोट्या कोच त्याचा सख्खा चुलता हाय!"

भाऊंनी बोटांवर हिशेब केला. नवरदेव झाला, चुलता झाला, मध्यस्थ सुनील सरही झाले. बावीस वर्षांत एका बैठकीत इतकं अचूक काम त्यांनी कधी केलं नव्हतं! डोळ्यांसमोर स्नेहल आली, फोन कानाला लावून हसणारी. हे स्थळ गेलं तर पोरगी काही बोलणार नाही, नुसती शेंगा सोलत बसेल, आणि ते आपल्याला बघवणार नाही.

दुसऱ्या डावाला त्यांनी एकदम बैल वळवावा तसा माइक वळवला.

"पेठेचा गोलकी कसा? धरणाचा बांध जसा!"

पाचशे माणसं भोंग्याकडे बघायला लागली. समर्थनं मैदानातून वळून पाहिलं.

"कोचसाहेबांची तब्येत पाहा, दृष्ट लागंल, जपून राहा!"

"भाऊ फुटला!" मागून कुणीतरी ओरडलं. "पेठेला फितूर झाला! माइक काढून घ्या त्याचा!"

गर्दीला आता चाळा लागला होता आणि पुढारी उरला नव्हता. ज्याला त्याला काव्य सुचायला लागलं. मागच्या रांगेतल्या एका बाप्यानं गोलकीवर एक ओळ टाकली, ती ठीक होती. दुसरी त्यानं गोलकीच्या आईवर टाकली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. पाच-दहा जणांनी ती उचलली आणि मग सुनील सरांनी शिट्टी वाजवली.

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळ त्यांची नव्हती, पण रान त्यांनीच मोकळं करून दिलं होतं.

सरांचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला, समर्थ मटकन खाली बसला, आणि बायांच्या घोळक्यातून एक हिरव्या लुगड्यातली बाई उठली. तरातरा चालत आली आणि भाऊंच्या हातातला माइक घेऊन उभी राहिली.

"मी शीला. गोलकीची आई. कोण बोललं ते? पुढं ये."

मागची रांग दुसऱ्या मागच्या रांगेकडे बघायला लागली. शेवटी लोकांनीच त्या बाप्याला पुढे ढकललं.

"माझं नाव काय रं?"

"ठावं न्हाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"नाव ठावं न्हाई, तोंड बघितलं न्हाई, आन् गाणं म्हणतो व्हय? आमच्या लग्नात बाया इहिणीवर गाणी म्हणत्यात. पर आधी तिचं नाव, तिची नथ, तिची चाल, समदं इचारून घेत्यात. मग असं गाणं रचत्यात की इहीण लाजून हसती! तुझी ओळ कुणाच्या बी आईला लागती. तुझ्या बी! जा, बस तिकडं."

"चुकलं, मावशी," म्हणून बाप्या बसला. सुनील सरांनी थोडा विचार केला आणि पिवळं कार्ड काढून सबंध गर्दीला दाखवलं. संघ वाचला.

शीलाताई आता भाऊंकडे वळल्या. "आन् तुमी!"

भाऊंनी हात जोडले. "ताई, मला ठावं नव्हतं. तुमच्या पोराला शेंग म्हणालो..."

"शेंगच हाय तो. मी बी म्हणते."

"तुमच्या दिरांचं पोट..."

"ते मंचरपत्तुर ठावं हाय."

"मग राग कशाचा, ताई?"

"माझ्या भावाचा!" शीलाताईंचा आवाज चढला. त्यांनी पलीकडच्या बांधावरच्या काळ्या छत्रीकडे हात केला. "गेणभाऊ. ऋषीचा मामा. तळेघरच्या बी वरनं, डोंगरातनं आलाय. पहाटं उठून कोस-दीड कोस चालला, तवा एस्टी गावली. तुमच्यासाठी डोईवर घरचा तांदूळ आणलाय. तुमी चुलत्याला गायलं, मास्तरला गायलं, पोराला गायलं. मामाला एक ओळ न्हाई? मामा काय वाटंवरचा हाय?"

गेणभाऊ छत्रीआड तोंड लपवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं शीला. आमी डोंगरातली माणसं. आमाला कोण गातंय?"

आणि ते खरंच दुखावले होते! भाऊंना ते स्पष्ट दिसलं. ते घाईघाईनं म्हणाले, "गातो की! आत्ता गातो!"

शीलाताईंनी माइक दिला. माळ कान टवकारून बसला. भाऊंनी तोंड उघडलं. 'मामा' म्हणाले. पुन्हा 'मामा' म्हणाले. पुढे काही येईना! सगळं लग्न एका ओळीवर अडलं होतं आणि ओळ सापडत नव्हती. भाऊ नुसते खोकले.

तेवढ्यात माळाच्या कडेला स्कूटी थांबली. स्नेहल उतरली, मागून मंगल. भोंग्यावरून सगळं ऐकतच आल्या होत्या. स्नेहल सरळ आली, बापाच्या हातातून माइक घेतला, मामांकडे पाहून आधी पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि म्हणाली,

"तळेघरचे मामा, छत्री धरा आडवी!
भाच्याला जमंना, बॉल तुमी अडवा की!"

माळ फुटला! पेठकरसुद्धा उठून नाचायला लागले. गेणभाऊंनी छत्री खरोखर आडवी धरली आणि धोतर सावरत गोलपाशी जाऊन उभे राहिले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. सुनील सरांना त्यांना बाहेर काढायला चार वेळा शिट्टी मारावी लागली.

"पोरगी पसंत!" शीलाताई माइकशिवायच ओरडल्या. "जिभेला धार हाय, पर कुणाला कापत न्हाई. आईवर गेली असंल."

सामना महाळुंगेनं दोन-शून्य जिंकला. दुसऱ्या गोलच्या वेळी गोलकी हसत होता, त्यामुळे तो गोल धरायचा की नाही यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे.

पाच वाजता ऋषी चिखलानं भरलेल्या जर्सीतच घरी आला. मामांच्या तांदळाचं पोतं मधल्या खोलीत, पोहे ताटल्यांत आणि भाऊ कोपऱ्यात, "व्हय, व्हय" म्हणत. पाणी आणायला म्हणून ते आत वळले तेव्हा मागच्या पडवीत दोघं बोलत होती.

"'शेंग' फक्त फोनवर म्हणायचं ठरलं होतं ना?" ऋषी कुजबुजला. "सगळ्या गावाला कशाला सांगितलंस?"

"मी कुठं सांगितलं? पप्पांनी सांगितलं. भोंग्यावर!"

भाऊ हातात रिकामा तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. म्हणजे बावीस वर्षांतली सगळ्यात गाजलेली ओळ पोरीनं आपल्या होणाऱ्या नवऱ्याला लाडानं ठेवलेल्या नावाची होती आणि मामांवरची ओळही तिचीच!

तेवढ्यात दारातून समर्थनं हाक मारली, "भाऊ, शेंगेची ओळ लई भारी! सुचली कशी राव?"

भाऊंनी पडवीकडे पाहिलं. स्नेहल ओढणीत तोंड लपवून हसत होती.

"अनुभव हाय बाबा," भाऊ म्हणाले आणि खोकले.