उतारावरची सन्मान फेरी

चष्मेवाल्यांची गाडी जुनी होती, आणि तिचं वय त्यांनी कधी कुणापासून लपवलं नव्हतं. उलट बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात गाडीचा भाव वधारला होता. बसची पायरी बाईंना चढवत नव्हती आणि टॅक्सीत वाकून शिरायला डॉक्टरांची बंदी होती. या गाडीची उंच, ताठ सीट मात्र त्यांच्या नव्या खुब्याला मानवायची. व्यायामासाठी त्यांना नेमाने दवाखान्यात न्यायचं, तर हीच गाडी हवी.

नेमकं त्याच सुमारास सरकारने प्रगती करायचं ठरवलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. 'हवा स्वच्छ, देश स्वावलंबी' असा फलक लागला. चष्मेवाल्यांनी तो वाचला आणि त्यांना बरं वाटलं. गाडीला वाटलं नाही. आधी ती धापा टाकू लागली, मग चौकाचौकात बंद पडू लागली, आणि एकदा दवाखान्याच्या वाटेवर बॉनेटखालून पेट्रोलचा असा दर्प आला, की बाई काठी टेकत खाली उतरून फूटपाथवर बसल्या.

मेकॅनिकने इंधनाची नळी उपसून दाखवली. ती चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखी झाली होती.

"इथेनॉलनं जुनं रबर असं फुगतं, काका. सगळ्या जुन्या गाड्यांचं हेच चाललंय."

"मग तुम्ही लोक आवाज का उठवत नाही?"

"आम्ही कशाला उठवू? गॅरेज कधी नव्हे ते भरलंय." मेकॅनिकच्या डोक्यावर 'नव्या इंधनाचे हार्दिक स्वागत' असा बॅनर डुलत होता. "शिवाय या गाडीची नळी आता बाजारात मिळत नाही. सरकारी गोदामातच असली तर असेल."

तेव्हा चष्मेवाले इंधन खात्यात गेले. साहेबांनी त्यांना आदराने बसवलं, पाणी मागवलं आणि नळी दोन बोटांत धरून न्याहाळली.

"इंधनात दोष नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या गाडीतही नाही. दोष आहे तो जुळवून घेण्याच्या वृत्तीत."

"कुणाच्या?"

"रबराच्या."

"पण साहेब, जुन्या गाड्यांवर चाचणी झाली होती ना?"

"झाली म्हणजे काय! समितीनं शेकडो जुन्या गाड्यांच्या टाक्या भरल्या आणि निरीक्षण केलं. एकही गाडी वाटेत बंद पडली नाही."

"किती लांब चालवल्या?"

"चालवल्या नाहीत." साहेबांच्या चेहऱ्यावर कीव उमटली. "चालवल्या असत्या तर रस्ता, ऊन, चालकाचा स्वभाव असल्या भानगडी मध्ये आल्या असत्या. शुद्ध निष्कर्ष कसा निघणार?"

चष्मेवाल्यांनी बायकोच्या खुब्याचं सांगितलं. साहेब हेलावले. खात्यातर्फे 'ज्येष्ठ वाहन सन्मान फेरी' निघणार होती. नव्या इंधनावर जुन्या गाड्या कशा झोकात धावतात, ते मंत्रिमहोदय जनतेला दाखवणार होते. फेरीत भाग घेणाऱ्यांना गोदामातली नळी भेट मिळणार होती.

"पण साहेब, गाडी चालूच होत नाही. फेरीत कशी धावेल?"

"ती काळजी खात्याची. मार्ग उतारावरून आहे."

घरी आल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "अहो, दवाखाना त्या उताराच्या पायथ्याशीच ना? मग मी गाडीतच बसते. व्यायाम किती दिवस बुडवायचा?"

फेरीच्या दिवशी जुन्या गाड्या टोचनाने ओढून चढावर आणल्या आणि फुलांनी सजवल्या. टोचनाच्या ट्रकांना झाडांआड उभं केलं. मंत्रिमहोदयांनी झेंडा दाखवला, खात्याच्या माणसांनी मागून गाड्या रेटल्या आणि लाउडस्पीकरवरून इंजिनांची घरघर सुरू झाली. ते रेकॉर्डिंग ट्रॅक्टरचं होतं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चष्मेवाल्यांनी ब्रेकवर पाय रोवला होता आणि शेजारी बाई दाराची कडी घट्ट धरून ताठ बसल्या होत्या.

दवाखान्यासमोर गाडी थांबली. पाठोपाठ आलेली दुसरी तिच्यावर हलकेच आदळली, तिच्यावर तिसरी. लाउडस्पीकर बंद करायचं कुणालाच न सुचल्याने सगळ्या उभ्या गाड्या झोकात धावतच राहिल्या. एवढ्यात टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन खिडकीशी आली.

"काका, नव्या इंधनावर गाडी कशी चालते?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. चढावरून आतापर्यंत गाडीचं इंजिन एकदासुद्धा फुरफुरलं नव्हतं, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण मुलीच्या मागे साहेब उभे होते. साहेबांच्या हातात नळी होती.

"उत्तम," चष्मेवाले म्हणाले. "नव्यासारखी."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दार उघडून काठी टेकत त्या एकट्याच आत गेल्या. व्यायाम आटोपून बाहेर आल्या तेव्हा नवरा गाडीला नळी बसवत होता. नळी कोरी होती, पण साठा जुना आणि रबरही जुन्याच जातीचं. महिनाभरात तिचंही च्युइंगम झालं.

चष्मेवाल्यांचं ते 'उत्तम' मात्र घरोघर पोचलं. फोनवर ते तुम्हालाही आलं असेल. तुम्ही त्यावर टाळ्यांचं चित्र डकवून चार जणांना पुढे धाडलंही असेल, एका हाताने. दुसऱ्या हाताने तुम्ही आपली गाडी ढकलत होता.