साडूंनी नको म्हटलेलं टूल

कपडे शिवून तयार झाले की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जावा, एवढंच बायकोचं म्हणणं होतं. तिचं शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. साडेपाचशे गिऱ्हाइकांची मापं नवऱ्याने स्वतः बसवलेल्या डेटाबेसमध्ये होती. ऑफिसात तो साधा कारकून, पण या डेटाबेसमुळे घरात त्याला थोडाफार मान होता. (थोडाच. फार नाही.)

अडचण अशी, की हा डेटाबेस टेबलावरच्या कॉम्प्युटरबाहेर कधी पडलाच नव्हता. इंटरनेटवरच्या मेसेज सेवेशी त्याची गाठ घालून द्यायला मधे एखादं टूल हवं. याने तीन टूलं शोधली, कागदावर तक्ता आखला आणि ऐटीत गुण द्यायला बसला.

"एवढा खटाटोप कशाला? भाऊजींना विचारा ना," बायको म्हणाली.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, याचे साडू. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. घरातला नळ गळला तरी हिला आधी भाऊजी आठवायचे आणि याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिने फोन लावलासुद्धा.

"पहिलं घ्या, दुसरंही चालेल," साडू म्हणाले. "तिसरं मात्र नको. ते अजून कच्चं आहे."

झालं! याने तक्त्यात 'साडूंचा विरोध' असा नवा रकाना काढला आणि तिसऱ्या टूलला त्यात पन्नासपैकी पन्नास देऊन टाकले.

"अहो, भाऊजी नको म्हणाले ना?"

"तुझ्या भाऊजींना काय कळतंय शिवणकामातलं?"

"आणि बिघडलं म्हणजे?"

"तर कॉम्प्युटर तुझ्या भाऊजींच्या हवाली! मी पुन्हा हात लावणार नाही." (हे बोलायची खरं तर काही गरज नव्हती.)

दुसऱ्या दिवशी टूलने विचारलं, कोणते रकाने पाठवू? कमी पडायला नको म्हणून याने सगळ्यांवर खूण केली. आधी एका नावावर चाचणी घेऊ का? चाचणी साडूंसारख्यांनी घ्यावी, असं म्हणत याने 'सर्वांना पाठवा' दाबलं. आणि ते कच्चं टूल नेमकं एका ओळीने घसरलं. प्रत्येकाची मापं यादीतल्या खालच्या माणसाला गेली.

अर्ध्या तासात दुकान भरलं. मापं चव्हाट्यावर आली म्हणून लोक आपल्याला सोलून काढणार, या भीतीने हा शिलाई मशीनमागे सरकला. पण गिऱ्हाइकांचं दुःख वेगळंच होतं.

"हिची कंबर अठ्ठावीस?" गाणं शिकवणाऱ्या बाई कडाडल्या. "माझ्या समोरच राहते ती! काढा टेप!"

"बँकेच्या मॅनेजरची छाती माझ्याहून दोन इंच जास्त?" वकील म्हणाले. "श्वास भरून माप दिलंय त्याने. माझं परत घ्या."

"एकेक गिऱ्हाईक जोडायला दहा वर्षं घालवली हो मी," बायको रडवेली होऊन म्हणाली आणि तिने भाऊजींना फोन लावला.

साडू आले. त्यांनी घसरलेली ओळ जागेवर आणली, नको ते रकाने बंद केले, सगळ्यांना माफीचा मेसेज पाठवला. वकीलसुद्धा 'वा!' म्हणाले. याला ते सहन होईना.

"हे टूल कच्चं आहे, हे तुम्हाला बसल्या जागी कसं कळलं हो?" याने खवचटपणे विचारलं.

"न कळायला काय झालं? मीच बनवतोय ते. सुट्टीच्या दिवशी, आपली हौस म्हणून." साडूंनी खिशातून मोबाइल काढला. "तुमचे आभारच मानायचे होते. त्याच्या पानावर पहिलावहिला अभिप्राय काल तुमचाच आला."

याने घाईघाईने मोबाइलवर हात ठेवला. "राहू द्या हो ते आता."

"वाचा, वाचा," बायको म्हणाली.

साडूंनी संकोचत वाचलं. "'काय डोकं आहे या माणसाचं! आमच्या सासरी एकालाही याच्या नखाची सर नाही. देवाने असा एक तरी माणूस आमच्या नात्यात द्यायचा होता.'"

बायकोने कीबोर्ड उचलून साडूंच्या पुढ्यात ठेवला.

"दिलाय की," ती म्हणाली. "एकच दिलाय."