न झालेल्या भागाकाराबाबत

संगणकापेक्षा संस्था जास्त टिकाऊ असते, हे आता सर्वमान्य आहे. एप्रिल २००४ मध्ये रत्नागिरीच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात, शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत, फैझान मुकादमच्या प्रोजेक्टने कॉलेजचा संगणक बंद पाडला. असे काहीही घडलेले नाही. ते कसे घडले, एवढेच इथे सांगायचे आहे.

फैझानचा प्रोजेक्ट म्हणजे गणितं सोडवणारं कर्नेल मॉड्यूल. कर्नेल हे ऑपरेटिंग सिस्टिमचं माजघर. बाकीचे प्रोग्राम ओटीवर बसतात आणि हवं ते आतून मागून घेतात. ओटीवर कुणाला भोवळ आली तर तोंडावर पाणी मारतात. माजघरात आली तर अख्खं घर आडवं होतं. दोन अधिक दोन किती, हे ऐंशी रुपयांचा कॅल्क्युलेटरही सांगतो, पण त्याला पदवी मिळत नाही. म्हणून फैझानने बेरीज-भागाकार थेट माजघरात नेऊन बसवले. (जिथे गरज नाही तिथे जोखीम घेणे, यास संशोधन म्हणतात.)

माजघराचे नियम कडक. त्याच्या मॉड्यूलमध्ये दशांश चिन्हाला मज्जाव होता. सात भागिले दोन, उत्तर तीन.

"सात सरंगे दोन घरांत वाटले तर तीन-तीन?" भाकरी थापता थापता, टोपलीतल्या मासळीकडे बघत त्याची अम्मी हफीजाबी म्हणाली. "मग सातवा गेला कुठं रे?"

"कर्नेल टाकून देतं, अम्मी."

"नीघ! असल्याच वाटणीपायी तुझे चुलते दहा वर्षं कोर्टात आहेत."

कतारला अयूबमामूंनी त्याच्यासाठी नोकरी धरून ठेवली होती, फक्त जूनपर्यंत. पदवी हातात आली तर विमान. नाहीतर नबील नावाचा दुसरा भाचा पासपोर्टसह तयार होता.

शून्याने भागलं तर काय, ही तपासणी फैझानने लिहिली नव्हती. शून्य माणसांत काही वाटायची वेळ कुणावर येते, असा त्याचा विचार. तो चूक आहे हे सांगायला मार्गदर्शक नव्हता.

परीक्षक कोल्हापूरहून आले. (पावस गावची एक हापूसपेटी त्यांच्या गाडीत आपोआप चढली.) मॉड्यूलने दोन-तीन उत्तरं बिनचूक दिली. परीक्षक खूष झाले.

"आता काहीतरी व्यवहारातलं घाल. वर्गात मुलं किती?"

"साठ, सर."

"भागिले या विषयाचे शिक्षक."

फैझानने प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"शून्य घाल रे," दाराशी उभा असलेला केरू शिपाई म्हणाला. "गणपतीपासून कोण फिरकलाय हिकडं?"

खोटेच तीन घातले असते तर वीस आले असते, आणि पाठोपाठ कतार. पण परीक्षेत खरं लिहावं, हे फैझानच्या मनावर कुणीतरी लहानपणीच बिंबवलं होतं. त्याने शून्य घातलं. पडदा गोठला तो गोठलाच.

तातडीची बैठक झाली. संगणक बंद पडला असं लिहायचं तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर शून्य लिहावं लागेल. शून्य लिहिलं तर मान्यता जाईल. सबब संगणक बंद पडला नाही. चालू संगणकावर उत्तर दिसत नव्हतं, सबब परीक्षाच झाली नाही. आणि न झालेल्या परीक्षेत कुणी पास होत नाही, नापासही होत नाही.

"मग सर, मी कोण?" फैझानने विचारलं.

"तू हुशार मुलगा आहेस," प्राचार्य म्हणाले, आणि चहा मागवला. स्वतःसाठी.

फेरपरीक्षा मे महिन्यात होती, पण ती फक्त नापासांसाठी. तेव्हा फैझानने अर्ज केला: 'मला त्वरित व रीतसर नापास करण्यात यावे.' त्यावर शेरा आला: 'परीक्षा झाल्याचे दोन साक्षीदार जोडावेत.' परीक्षक कागदोपत्री कोल्हापूरहून निघालेच नव्हते आणि केरू त्या दिवशी मागील तारखेने रजेवर होता. शेवटी फैझानने हा वरचा सगळा मजकूर अर्जाला जोडला, खाली एक परिच्छेद वाढवला आणि अर्ज छापायला दिला. तो असा:

'ज्यांनी हा मजकूर इथवर वाचला व वाचताना एकदा तरी हसले, त्यांना सदर प्रकार घडल्याची पूर्ण कल्पना आहे असे समजण्यात येत आहे. तरी अशा प्रत्येकाने खाली आपले पूर्ण नाव, हुद्दा, कार्यालयाचा शिक्का व सही देऊन साक्षीदार व्हावे, ही नम्र विनंती.'