मामंजींचे हात खिशात

नाझेरकेने तो फोटो फक्त घरच्यांच्या ग्रुपवर टाकला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आता ह्या 'घरच्यां'मध्ये एकशे त्रेसष्ट माणसं होती आणि त्यातली निम्मी तिनं जन्मात पाहिली नव्हती, ही गोष्ट वेगळी. कझाक माणूस सात पिढ्यांची नाती तोंडपाठ ठेवतो. फोन आल्यापासून त्या सातही पिढ्या रोज सकाळी एकमेकांना फुलं पाठवतात.

फोटो तिच्या सासऱ्यांचा होता. ओरिनबासार म्हातारबा म्हणजे गावातला दुवा देणारा माणूस. लग्न असो, नवं घर असो, नवा ट्रॅक्टर असो, जेवण उरकलं की म्हातारबा दोन्ही तळहात समोर पसरणार, पंगतीतले सगळेही तळहात पसरणार, आणि ते जे मागतील ते सगळ्यांच्या पदरात पडणार. त्या दिवशी तर घरचंच जेवण होतं, नातवाचा, अल्दियारचा पहिला वाढदिवस. दुवा रंगात आली असताना मामंजींचे डोळे मिटले, नाक आक्रसलं, तोंड वासलं आणि हात तसेच पसरलेले राहिले. समोवारपाशी चहा ओतणाऱ्या नाझेरकेला हसू आवरेना. फोन हाताशीच होता.

सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, लिहायचंही नसतं. म्हणून फोटोखाली तिनं एवढंच लिहिलं : 'पगाराची वाट बघताना.'

नाव नव्हतं, म्हणून म्हातारा ज्याचा त्याचा झाला. अल्माटीतल्या एका चुलत दिरानं फोटो उचलून बाहेर सोडला. दोन दिवसांत शिमकेंतच्या बसवाल्यांनी तो 'सुट्ट्या पैशांची वाट बघताना' म्हणून लावला. ओशचे किरगीझ म्हणाले, हा आमचा म्हातारा. ताश्कंदचे उझबेक म्हणाले, ही दाढी आमचीच. पाचव्या दिवशी तिचा नवरा तलगत फोन घेऊन धावत आला.

"अगं, चाळीस लाख! चाळीस लाख लोकांनी बाबांना बघितलं!"

नाझेरकेच्या हातातली कढई तशीच राहिली. चाळीस लाख! त्यांच्या तालुक्यात मेंढ्या धरूनसुद्धा चाळीस लाख जीव नव्हते. ओश-ताश्कंदच्याही पलीकडे, जिथली लिपी तिला वाचता येत नव्हती अशा देशांत तिचे मामंजी तोंड वासून उभे होते. तिला भीती वाटली आणि, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला.

"कुणी काढला असेल गं हा?" तलगतनं विचारलं. रोजच्या फुलांना कंटाळून त्यानं घरचा ग्रुप कधीच सोडला होता.

"मला काय माहीत!" ती म्हणाली आणि कढई घासायला बसली.

मग सासूबाई, कुल्याश, बाजारातून तणतणत आल्या. "मेल्यांनी चहाच्या कपांवर छापलाय! माझ्या नवऱ्याच्या तोंडाला तोंड लावून लोक चहा पितायत, आणि मी गप्प बसू?"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्या शुक्रवारी शेजारच्या सेरिकबायच्या नव्या घराचं जेवण होतं. म्हातारबांनी हात पसरले, डोळे मिटले, आणि मागच्या बाजूला बसलेल्या पोरांमधून फिस्सकन हसू फुटलं. एक हसला, मग दहा. म्हातारबांनी डोळे उघडले, एकेकाकडे पाहिलं, हात खाली घेतले आणि कोटाच्या खिशात घातले. दुवा अर्धीच राहिली. सेरिकबायची बायको पांढरीफटक पडली.

त्याच आठवड्यात त्या घरातला हीटर फुटला. हीटर स्वस्तातला होता, पण ऐकतंय कोण! दुवा अर्धी राहिली म्हणूनच, असा गावात बोभाटा झाला. एका लग्नाची तारीख पुढे गेली, एक नवा ट्रॅक्टर दुवेवाचून अंगणात तसाच उभा राहिला. लोक दारात येऊन विनवायचे आणि म्हातारबा म्हणायचे, "हात दुखतात." जेवण झालं की हात खिशात. गुरांकडे जाताना खिशात. कुल्याशबाईंनी धुण्यासाठी कोट मागितला तर दिला नाही.

आणि दहा दिवसांवर, रविवारी, अल्दियारच्या पायाची दोरी कापायचा सोहळा आला. तेरा महिन्यांचा झाला तरी पोरगं पाऊल टाकत नव्हतं, ढुंगणावर सरकत घरभर फिरायचं. काळ्यापांढऱ्या दोरीनं पाय बांधायचे, दोरी कापायची, आजोबांनी दुवा द्यायची, की मूल न अडखळता चालायला लागतं. नाझेरकेचा जीव त्या दोरीत अडकला होता.

"दुसऱ्या कुणाला बोलवू का?" तलगतनं हळूच विचारलं.

"आजोबा धडधाकट असताना नातवाला परक्याची दुवा?" कुल्याशबाई कडाडल्या. "लोक तोंडात शेण घालतील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाझेरके मेंढ्यांच्या वाड्यापाशी गेली. म्हातारबा कुंपणाला टेकून उभे होते. हात खिशात.

"मामंजी," ती मान खाली घालून म्हणाली, "तो फोटो मी काढला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"फोटोच्या कोपऱ्यात समोवारची तोटी आहे. समोवारपाशी कोण बसतं ह्या घरात? मेंढी?"

तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. महिनाभर हा माणूस तिच्या हातचा चहा पीत होता, एका शब्दानं बोलला नव्हता.

"मग रागावला का नाहीत?"

"एका घरातली दोन माणसं कशाला गावात हसू व्हायची? मी एकटा पुरे होतो." म्हातारबांनी कुंपणात घुसलेली मेंढी पायानंच मागे लोटली. "आणि हसण्याचं मला काही नाही गं. शिंक आली होती, ती दाबत होतो. दुवा मोडायची नसते. पण सूनबाई, फोटो काढायला हात लागतो. मी तेव्हा तुझ्या पोरासाठी मागत होतो, तुझ्यासाठी मागत होतो. माझे हात चाळीस लाखांनी बघितले, पण घ्यायला तुझेच हात नव्हते. आता कुठंही बसलो की वाटतं, समोरचे खरंच घेतायत, की नुसतं बघतायत? मग मागायचं कुणासाठी?"

नाझेरके रडली. हमसून हमसून रडली. चाळीस लाखांचा आकडा ऐकून ती थक्क झाली होती, पण ह्या एका माणसाचं मोठेपण तिला पेलवेना.

"रविवारी माझे दोन्ही हात असतील मामंजी," ती डोळे पुसत म्हणाली. "सगळ्यांचे असतील. ते माझ्याकडे लागलं."

रविवारी एकशे वीस माणसं जमली. दोरी कापली गेली, अल्दियारला दोन्ही हातांनी धरून उभं केलं, आणि सोडल्याबरोबर तो धपकन खाली बसला. साय लावलेला बौरसाक, म्हणजे पिठाचा तळलेला गोळा, त्यानं हातातून तेवढा सोडला नाही. पोरांचे फोन वर झाले, कारण म्हातारबा पुढे आले होते.

आणि जिचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता ती सून समोवारपाशी उभी राहिली. "फोन खाली ठेवा! दोन्ही हात वर! ज्याचा एक हात कमी दिसेल त्याला आज चहा नाही!"

चहा नाही म्हटल्यावर भल्याभल्यांचा थरकाप उडाला. फोन सतरंजीवर पालथे पडले. म्हातारबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, मग सुनेच्या पसरलेल्या हातांवर थांबवली, आणि खिशातून हात बाहेर काढले.

दुवा सुरू झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही. तेवढ्यात अल्दियार उठला. कुणाचाही हात न धरता उठला आणि चालायला लागला! नाझेरकेनं किंकाळी गिळली. तलगतची बोटं फोनकडे वळवळली तशी आईनं त्याला कोपरानं ढोसलं. एकशे वीस माणसं तळहात पसरून, श्वास रोखून बघत राहिली. पोरगं डुलत डुलत थेट आजोबांपर्यंत गेलं आणि चोखलेला बौरसाक त्यांच्या तळहातावर ठेवून मोकळं झालं.

म्हातारबांनी एक शब्द गाळला नाही. शेवटपर्यंत मागितलं, "आमीन" म्हणून रीतीप्रमाणे दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले, आणि साय दाढीभर झाली. आधी तेच हसले, मग अख्खं गाव.

"पहिली पावलं!" तलगत हळहळला. "कुणी तरी फोनमध्ये काढली असतील ना?"

कुणीच काढली नव्हती. म्हणून गावात अजून वाद आहे. सेरिकबाय म्हणतो पाच पावलं, कुल्याशबाई म्हणतात नऊ. नाझेरके म्हणते अकरा, आणि पुरावा कुणाकडेच नाही.