साडेचारची गोळी

सोमवार, ३ मार्च २०१४. दुपारचे साडेचार. पाकिटातल्या लोहाच्या तीस गोळ्या तात्यासाहेबांनी दोनदा मोजल्या आणि पहिली लक्ष्मीबाईंच्या तळहातावर ठेवली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या शाखा अभियंत्याने पत्नीच्या औषधाचे कोष्टक आलेखवहीत आखले होते. लक्ष्मीबाईंचे हिमोग्लोबिन ७.९ होते. ते दहावर गेल्याशिवाय गर्भाशयाची शस्त्रक्रिया करणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. तारीख तीस एप्रिल. रक्तस्राव थांबत नव्हता. गोळीची वेळ चुकू नये म्हणून त्यांनी ती घरात कधीही न चुकणाऱ्या गोष्टीला जोडली: दुपारच्या चहाला.

पाच दिवसांतच लक्ष्मीबाई म्हणाल्या, "पोटात दगड ठिवल्यावानी झालंय."

छावणी भागातले औषधविक्रेते आप्पासाहेब यांनी डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून दुसरी गोळी दिली. ती पोटात टिकेना. तिसऱ्या वेळी पातळ औषध आले. ते पोटाने सोसले, पण चार दिवसांत दात काळे केले.

नेमकी तेव्हाच तात्यासाहेबांची धाकटी बहीण मनकर्णाबाई पिशोर गावाहून विचारपूस करायला आली. लक्ष्मीबाई हसून सामोऱ्या गेल्या.

"अगं बया! वहिनी, दात कशानं काळवंडले?"

"औषधानं. काय नाय होत."

"काय नाय कसं? दादा, तू माझ्यापासून लपवतो व्हय?"

पिशोरला फोन गेला. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांनी भरलेली एक जीप आली, तिसऱ्या दिवशी दोन. भेटायला आलेल्यांना चहा द्यायचा आणि घरच्या बाईने त्यांच्यासोबत घोटभर घ्यायचा. न घेतल्यास माणसे रुसतात. लक्ष्मीबाईंनी एका दिवसात नऊ वेळा घेतला.

अठरा मार्चला रक्त तपासले. ७.८.

"आता पुढं ढकलत्यात का काय?" लक्ष्मीबाईंनी हळूच विचारले. "मला भ्याव वाटायलंय."

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "औषध कशासोबत घेता?"

"चहासोबत. रोज साडेचारला," तात्यासाहेबांनी अभिमानाने कोष्टक पुढे केले. "एक दिवस चुकलेला नाही."

"तात्यासाहेब, चहा लोह अंगी लागू देत नाही. एखादा दिवस चहा चुकला असता तर बरं झालं असतं."

"धरणं बांधली म्हणं यांनी," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "अन् घरातली गळती नाय दिसली!"

चौथे औषध आले: दिवसाआड एक साधी गोळी, लिंबूपाण्यासोबत, आधी-नंतर दोन तास चहा नाही. ही पोटाने मुकाट्याने सोसली. मात्र पाहुण्यांना वेळेचे बंधन नव्हते. म्हणून तात्यासाहेबांनी चहाचा डबाच कपाटात कुलूपबंद केला.

मनकर्णाबाई पुन्हा आली. पुढ्यातल्या लिंबूपाण्याच्या पेल्याकडे ती पाहतच राहिली.

"चहा बी नाय? सख्ख्या बहिणीला?"

"डॉक्टरांचं सांगणं आहे, मने. समजून घे."

"घेतलं समजून!" ती पदर खोचून निघाली.

बहीण दुखावली याचे तात्यासाहेबांना वाईट वाटले. पण निदान जीप तरी थांबतील, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. ज्या घरात चहासुद्धा बंद झाला, तिथले दुखणे भयंकरच असणार, असे पिशोरात ठरले. रविवारी तीन जीप आल्या. मनकर्णाबाईने रागारागाने का होईना, सगळी हकीकत सांगितलेली असल्याने प्रत्येकाच्या हातात लिंबांची पिशवी होती. चुलतभाऊ मल्हाररावांनी तर अर्धे पोते आणले.

"आम्ही चहा पिऊनच निघालो, वहिनी," ते म्हणाले. "तुमी प्या लिंबू. आमच्याम्होरं प्या!"

लक्ष्मीबाई पीत होत्या आणि माणसे पेल्याच्या तळाकडे टक लावून बसली होती. पुढचा महिनाभर तात्यासाहेब लिंबे पिळत राहिले. बोटांची सालटे निघाली, पण कोष्टकात त्यासाठी रकाना नव्हता.

सोमवार, २८ एप्रिल, सकाळी सव्वाअकरा. प्रयोगशाळेतून पाकीट आले. तात्यासाहेबांनी चष्मा पुसला, घातला आणि पुन्हा पुसला.

"वाचा की वं आता! जीव टांगणीला लागलाय माझा."

हिमोग्लोबिन १०.१.